वर्ष द्यायचंय? मग आधी करार वाचा

जेऊरचा पत्ता लिहिताना पुढे कंसात ‘म. रे.’ लिहायची पद्धत आहे. म. रे. म्हणजे मध्य रेल्वे. जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यातही एक जेऊर आहे, त्यामुळे ही खूण सोयीची. पण करमाळा तालुक्यातल्या पोरापोरींसाठी ती नुसती खूण राहिलेली नाही. बारावी झाली, आयटीआय झाला, बीए-बीकॉम झालं, की बॅग घेऊन उभं राहायचं ते याच फलाटावर, आणि तोंड बहुतेक वेळा पुण्याकडे. नागराज मंजुळे इथले, म्हणून गावाचं नाव सिनेमावाल्यांना माहीत झालं. बाकीचे जे गाडीत बसून गेले, त्यांची बातमी होत नाही.

तुम्ही त्या फलाटावर उभे राहणार असाल किंवा घरी राहून काही जमतंय का ते बघत असाल, तर तुमच्या मोबाइलवर चार-पाच मेसेज नक्की पडून असतील. रेल्वे अप्रेंटिस, लाडका भाऊ, पीएम इंटर्नशिप, कौशल्य विकास केंद्र. शिवाय ‘चाकणला अर्जंट भरती, राहणं-खाणं फ्री’ हा मेसेज तर कुठल्याही सीझनमध्ये येतो. सगळ्यांतले शब्द तेच: प्रशिक्षण, विद्यावेतन, सर्टिफिकेट. त्यामुळे वाटतं की सगळं एकच आहे, जिथं आधी नंबर लागेल तिथं जाऊ.

तसं करू नका. यातल्या प्रत्येकात तुमचे सहा महिने ते एक वर्ष जाणार आहे, आणि विशीतलं वर्ष स्वस्त नसतं. फॉर्म भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा. शेवटी हातात जो कागद पडेल, त्याला कायद्याने काही किंमत आहे का? आणि महिन्याला जे पैसे मिळतील, ते खोलीभाडं आणि मेस भागवून उरतात का? या दोन प्रश्नांवर एकेक योजना घासून बघू. सुरुवात घराजवळून.

कुर्डुवाडी, चार स्टेशनं पुढे

जेऊरहून सोलापूरच्या बाजूला निघालात की भाळवणी, मग कुंकवासाठी प्रसिद्ध असलेलं केम, मग ढवळस आणि मग कुर्डुवाडी जंक्शन. या कुर्डुवाडीत रेल्वेचा वर्कशॉप आहे. त्याचं मूळ बार्शी लाइट रेल्वेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. अरुंद रूळ गेले, ब्रॉडगेज आलं, वर्कशॉप मात्र राहिला. आज मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवार घेते तेव्हा ‘सोलापूर क्लस्टर’खाली दोन जागा असतात: सोलापूरचा कॅरेज अँड वॅगन डेपो आणि हा कुर्डुवाडी वर्कशॉप.

आता आकडे बघा, कारण खरी गोष्ट त्यांत आहे. २०२४ मध्ये मध्य रेल्वेने शिकाऊ उमेदवारांच्या २,४२४ जागा काढल्या. त्यातल्या १,५९४ मुंबई क्लस्टरला, भुसावळला ४१८, पुण्याला १९२, नागपूरला १४४ आणि सोलापूरला ७६. म्हणजे शंभरात तीन. २०२५ मध्ये एकूण जागा २,४१८ होत्या, फार फरक नाही. तुम्ही फिटर किंवा वेल्डर असाल आणि घरी राहून जाऊन-येऊन करायचं म्हणत असाल, तर तुमची स्पर्धा या ७६ जागांसाठी आहे, आणि ती अख्ख्या देशाला खुली आहे.

निवड कशी होते, हे ऐकून बरेच जण चक्रावतात. परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या टक्केवारीची आणि आयटीआयच्या टक्केवारीची सरासरी काढतात आणि त्यावर मेरिट लिस्ट लागते. दहावीला किमान ५० टक्के हवेत. वय १५ ते २४, राखीव गटांना नेहमीची सवलत. दोघांचे गुण सारखेच आले तर वयाने मोठा आधी. म्हणजे आयटीआयला कितीही जीव तोडून मेहनत घेतली तरी अर्धा निकाल दहावीलाच लागलेला असतो. हे न्याय्य आहे का? मला वाटत नाही. ज्या मुलाने दहावीला कसेबसे ५५ टक्के काढले आणि पुढे लेथवर हात बसवला, त्याचा हात बघायला या पद्धतीत कुणी बसलेलंच नाही. पण नियम हा आहे, आणि दहावीत असलेल्या धाकट्या भावाला-बहिणीला तो आत्ताच सांगून ठेवलात तर त्यांचं भलं होईल.

एक वर्षाचं प्रशिक्षण, महिना ७,००० रुपये विद्यावेतन, हॉस्टेल नाही. जेऊरहून रेल्वेचा पास काढून कुर्डुवाडी गाठणाऱ्याला हे सात हजार खरोखर सात हजारांच्या आसपास पडतात. तेच सात हजार मुंबईत परळला किंवा माटुंग्याला मिळाले तर खोलीतच संपतात आणि घरून पैसे मागवावे लागतात. मुलींच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी कडक होतो. ‘लांब नको’ म्हणणाऱ्या घरात ‘कुर्डुवाडी, संध्याकाळी परत’ हे वाक्य चालून जाऊ शकतं.

सर्टिफिकेट मिळतं, नोकरी मिळतेच असं नाही

शिकाऊ उमेदवारी ही सरकारी मेहेरबानी नाही, त्यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्याने तीन गोष्टी पक्क्या केल्यात. पहिली, काम सुरू होण्याआधी तुमचा आणि मालकाचा लेखी करार, तोही सरकारकडे नोंदवलेला. दुसरी, ठरलेलं किमान विद्यावेतन. तिसरी, शेवटी परीक्षा पास झालात तर राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर. प्रशिक्षणार्थी सल्लागाराची परवानगी असल्याशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, पुढे लागणार आहे.

नोकरीचं काय? कायदा इथे हात वर करतो. आधीपासूनच मालकावर नोकरी देण्याचं बंधन नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर एवढंच म्हटलंय की, शिकून झालेल्यांना घेण्याबाबत मालकाने आपलं धोरण ठरवावं. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश एसटीच्या खटल्यात सांगितलं की बाकी सगळं समान असेल तर बाहेरच्यापेक्षा शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. प्राधान्य, हक्क नव्हे.

रेल्वेत या प्राधान्याला आकडा आहे. लेव्हल-१ च्या, म्हणजे आपण ज्याला ग्रुप डी म्हणतो त्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. परीक्षा मात्र द्यावीच लागते. २० मार्च २०१८ ला सकाळी ऐन गर्दीच्या वेळी माटुंगा आणि दादरच्या मध्ये शेकडो पोरं रुळांवर बसली आणि मध्य रेल्वेची लोकल काही तास बंद पडली, ती याच मुद्द्यावर. २० टक्के कोटा काढा, आम्हाला थेट घ्या, अशी त्यांची मागणी होती. लोकांनी त्या दिवशी पोरांना शिव्या घातल्या. पण विचार करा, रेल्वेनेच शिकवलं, रेल्वेचंच काम वर्षभर केलं, आणि नंतर पुन्हा लाखोंच्या रांगेत उभं केलं. त्यानंतर २०१९ मध्ये लेव्हल-१ च्या १,०३,७६९ जागांची जाहिरात निघाली. तिची परीक्षा सुरू व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडलं. मधल्या काळात २१ चा पोरगा २४ चा झाला.

म्हणून वर्कशॉपमध्ये नंबर लागला तर जरूर जा, पण ‘रेल्वेत लागलो’ असं गावभर सांगू नका. तुम्ही रेल्वेत शिकायला लागलात. त्या प्रमाणपत्रावर इतर सरकारी आणि खासगी भरतीत उभं राहायची तयारी पहिल्या महिन्यापासून ठेवा. महावितरण, एसटीच्या कार्यशाळा इथेही शिकाऊ उमेदवार घेतात. इलेक्ट्रिशियन, वायरमन, मोटर मेकॅनिक झालेल्यांनी फक्त रेल्वेची वाट बघत बसू नये.

लाडक्या भावाचे अकरा महिने

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी, ठिकाण आपल्याच जिल्ह्यातलं पंढरपूर. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तिथे जी योजना गाजवली, तिचं सरकारी नाव ‘मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना’. ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही, लोकांनी ‘लाडका भाऊ’ करून टाकलं. वय १८ ते ३५. बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. पैसे सरकार थेट खात्यात टाकणार. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती वाढवून अकरा महिने केली.

गावाकडच्या पोरांना ही आवडली, त्याचं कारण साधं आहे. ग्रामपंचायतीत, शाळेत, तलाठी ऑफिसात, तहसीलला काम मिळालं. घरून डबा खाऊन जायचं. दहा हजार आणि खोलीभाडं शून्य, हा हिशेब चाकणच्या पंधरा हजारांपेक्षा कित्येकदा सरस पडतो. आमच्या दुसऱ्या प्रश्नावर ही योजना चांगली पास होते.

पहिल्या प्रश्नावर अडकते. अकरा महिन्यांनंतर हातात येतं ते प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. ते कुठल्या ट्रेडचं नसतं. शाळेत मुलांना शिकवलं असेल तर त्यामुळे तुम्ही शिक्षक भरतीला पात्र ठरत नाही, आणि ऑफिसात दाखले टाइप केले म्हणून लिपिकाच्या परीक्षेत मार्क वाढत नाहीत. मुदत संपत आली तसं हे पोरांच्या लक्षात आलं आणि ‘कायम करा’ म्हणून राज्यात ठिकठिकाणी आंदोलनं झाली. सरकारचं म्हणणं, हे प्रशिक्षण होतं. पोरांचं म्हणणं, काम तर आमच्याकडून रोजचंच करून घेतलंत. दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यांच्या जागी खरं आहे, आणि भोक नेमकं तिथेच आहे.

घरातल्या आजोबांना विचारा. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली असेल, पाझर तलावावर माती वाहिली असेल. त्यातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला: मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर भत्ता. काम हलकं नव्हतं, मजुरी भरपूर नव्हती, पण शब्द ‘काम’ असा होता. नातवंडांना सरकार जे देतंय त्यात शब्द ‘प्रशिक्षण’ असा आहे. दोन्हींतला फरक फॉर्मवर सही करताना डोक्यात ठेवा म्हणजे झालं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना वर्षभर घरखर्चाला हातभार म्हणून लाडका भाऊ उत्तम आहे. करिअरची पहिली पायरी म्हणून मी तो कुणाला सुचवणार नाही.

‘ट्रेनी’ आहात, पण कोणाचे?

आता तो चाकणचा मेसेज. चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, सगळीकडे कारखान्यांना माणसं हवीत हे खरं. पण गेटवर तुम्हाला जो माणूस भेटतो तो बऱ्याचदा कंपनीचा नसतो, कंत्राटदाराचा असतो. कार्डावर लिहिलेलं असतं ‘ट्रेनी’. लाइनवर उभं राहून तेच चार नट आवळायचे, शिफ्ट लांबली तर ‘नाही’ म्हणायची सोय नाही, आणि वर्ष भरायच्या आत ब्रेक. पुन्हा दुसऱ्या गेटवर दुसरं कार्ड.

यातले काही जण खरोखर कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार असतात, काही नुसते नावाचे. ओळखायचं कसं? शिकाऊ उमेदवार असाल तर केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर तुमची नोंदणी असते आणि कराराला नंबर असतो. तो करार तुम्हाला तुमच्या लॉगिनवर दिसला पाहिजे. त्यात ट्रेडचं नाव, मुदत, विद्यावेतन आणि कंपनीचं नाव असतं. ‘होईल नंतर’, ‘ऑफिसला आहे’, ‘तुला काय करायचंय’ अशी उत्तरं आली, तर समजा की तुम्ही कामगार आहात आणि तुम्हाला कामगाराचे हक्क हवेत: किमान वेतन, पीएफ, ईएसआय. दोन्हीतलं काहीच नसेल तर तुमचं वर्ष फुकट वापरलं जातंय. तक्रार कुठे करायची? जिल्ह्याच्या सरकारी आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारा विभाग असतो, त्याला बीटीआरआय म्हणतात. नाव अवघड आहे, पण तिथला माणूस तुमचा करार खरा की खोटा ते स्क्रीनवर बघून सांगू शकतो.

मालकांची बाजूही सांगतो. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे दोनशे माणसांच्या साखर कारखान्याला किमान पाच. नाही घेतले तर दंड किती? रिकाम्या जागेमागे महिन्याला ५०० रुपये, तीन महिन्यांनंतर १,०००. सात हजार विद्यावेतन देण्यापेक्षा पाचशे दंड परवडतो, हे कळायला कॉमर्सची डिग्री लागत नाही.

विद्यावेतनाचे किमान आकडे २०१९ पासून तेच आहेत: शिक्षणानुसार ५,००० ते ९,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ते ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करावेत अशी शिफारस केली. आयटीआयला तर राज्य सरकार वर्षानुवर्षं महिना ४० रुपये देत होतं, २०२३ मध्ये ते ५०० झाले. चाळीस रुपये! त्यात जेऊर ते करमाळा जाऊन-येऊन भागायचं नाही.

बीए-बीकॉमवाल्यांनो, तुम्हीही

‘हे सगळं आयटीआयवाल्यांचं’ म्हणून तुम्ही पान उलटायच्या बेतात असाल, तर थांबा. पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी ‘नॅट्स’ नावाची वेगळी केंद्रीय योजना आहे. पूर्वी ती इंजिनियरांपुरती होती, आता बीए, बीकॉम, बीएस्सीलाही खुली आहे. पदवीधराला किमान ९,०००, आणि त्या किमान रकमेतला निम्मा भाग केंद्र सरकार देतं. बँका, विमा कंपन्या, सरकारी उपक्रम यांच्या जाहिराती तिथे येतात. आपल्याकडे कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ही कधी फार दिसत नाही, त्यामुळे स्वतः पोर्टलवर नाव घालून ठेवा.

आणि पीएम इंटर्नशिप? ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, देशातल्या पाचशे मोठ्या कंपन्या, महिना ५,००० आणि सुरुवातीला एकदा ६,०००, वय २१ ते २४. जाहिरात जोरदार होती. पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२ हजारांवर ऑफर दिल्या, सुमारे २८ हजार जणांनी स्वीकारल्या, आणि प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे ८,७००. म्हणजे दहा जणांना बोलावलं तर एकच जण कामावर गेला. संसदेत कारणं सांगितली गेली, त्यात ठिकाण हे एक होतं. त्यात नवल काय? पाच हजारांत परक्या शहरात बारा महिने कोण काढणार? जेऊरच्या फलाटावर उभ्या असलेल्या कुणालाही हे आधीच सांगता आलं असतं.

केळीच्या पेटीमागचा माणूस

म्हणून शेवटची गोष्ट घराशेजारची. उजनीच्या पाण्यावर जेऊरपासून टेंभुर्णीपर्यंतचा पट्टा केळीने भरलाय. कंदरची केळी आखाती देशांत जातात. शेतातून घड येतो, फण्या होतात, धुतात, पेट्यांत भरतात, थंड करतात आणि कंटेनरमध्ये चढवतात. पॅकहाउस आणि शीतगृह म्हटलं की तिथे कॉम्प्रेसर आला, पॅनेल आला, जनरेटर आला. रेफ्रिजरेशन मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन हे दोन्ही आयटीआयचे ट्रेड. कॉम्प्रेसर बंद पडला की लांबून मेकॅनिक येईपर्यंत माल तापत बसतो.

चार ते एकोणतीस माणसं असलेल्या छोट्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घ्यायची सक्ती नाही, पण स्वतःहून घेता येतो. हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. आयटीआय झालेला मुलगा घेतला तर किमान ७,००० द्यावे लागतात, आणि खासगी मालक असेल तर केंद्राच्या योजनेतून २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट त्या मुलाच्या खात्यात भरतं. मालकाच्या खिशातून जातात साडेपाच हजार. तुमच्या ओळखीत, पाहुण्यांत कुणाचं पॅकहाउस किंवा शीतगृह असेल, तर त्यांच्याकडे ‘काका, काही काम आहे का’ म्हणून जाऊ नका. ट्रेडचं सर्टिफिकेट घेऊन जा, मोबाइलवर पोर्टल उघडून दाखवा, साडेपाच हजारांचा हिशेब कागदावर मांडा. ते तयार झाले तर नोंदणी करायला शेजारी बसा, कारण ती ऑनलाइन आहे आणि त्यांना वेळ नसतो. करार तयार झाला की त्याचा नंबर येतो. तो दोन ठिकाणी लिहून ठेवा आणि मगच दुसऱ्या दिवशी कामावर जा.